इंग्लंडमध्ये मेटल डिटेक्टिंग: जागा कशी शोधावी आणि शेतमालकाची परवानगी कशी मागावी?

वाटसरू_लेस्टर (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. लेस्टरशायरमध्ये राहायला आल्यापासून सुटीच्या दिवशी शेतांमधून जाणाऱ्या पायवाटांनी भटकण्याची सवय लागली, आणि त्यातूनच पायाखालच्या मातीत काय दडले असेल याविषयीचे कुतूहल वाढत गेले. मार्केट हार्बरोच्या संग्रहालयात हॅलटनचा ठेवा पाहिल्यावर तर राहवेनाच. लोहयुगातील पाच हजारांहून अधिक नाणी आणि एक रोमन शिरस्त्राण या काउंटीतल्या एका टेकडीवरच्या शेतात निघाले, आणि त्याचा माग २००० साली लावला तो शेते पायी पालथी घालणाऱ्या स्थानिक हौशी मंडळींनी.

आता मध्यम किमतीचा एक मेटल डिटेक्टर घेतला आहे, पण तो अजून घरामागच्या बागेबाहेर गेलेला नाही. नकाशे पाहून जागा हेराव्यात तर त्या कोणाच्या मालकीच्या हे कळत नाही. आणि मालकाचा पत्ता लागून पत्र पाठवले तर उत्तर येत नाही. म्हणून अनुभवी सभासदांना विचारतो की आधी जागा ठरवून मग तिचा मालक शोधावा, की आधी कोणत्याही शेतकऱ्याची परवानगी मिळवून त्याच्या शेतात काय असू शकेल याचा अभ्यास करावा? तसेच सार्वजनिक उद्याने, पायवाटांच्या कडेची जमीन, जंगले अशा ठिकाणी परवानगीशिवाय चालते का?

अनुजा_के

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथे घोळ झाला तर बाकीचे सगळे व्यर्थ आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये बेवारस वाटणाऱ्या जमिनीलाही कोणीतरी मालक असतो, असे धरूनच चालावे. गावाच्या सामाईक कुरणालाही मालक असतो. पायवाटेवरून जाण्याचा हक्क हा केवळ जाण्याचा हक्क आहे. तिथे थांबून खणण्याचा नाही.

सार्वजनिक उद्यानाच्या बाबतीत न्यायालयाचा स्पष्ट निर्णय आहे. १९९२ साली सरे काउंटीतल्या फार्नम पार्कमध्ये एका डिटेक्टरधारकाला जमिनीखाली साधारण नऊ इंचांवर मध्ययुगीन सोन्याचा ब्रोच सापडला. त्या वेळच्या जुन्या कायद्याप्रमाणे तो गुप्तधनात मोडत नाही असे कोरोनरच्या (गुप्तधनाचीही चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) चौकशीत ठरल्यामुळे वस्तू त्याला परत मिळाली, पण उद्यानाची मालक असलेली वेव्हर्ली बरो कौन्सिल न्यायालयात गेली. खालच्या न्यायालयाने शोधणाऱ्याच्या बाजूने कौल दिला. १९९५ साली अपील न्यायालयाने तो फिरवला. जमिनीच्या पोटात असलेली वस्तू जमीनमालकाची असते, आणि उद्यानात फिरायला येण्याच्या मुभेत खणण्याची मुभा येत नाही, असे त्या निकालाचे सार आहे. त्यामुळे परवानगी म्हणजे केवळ शेतात पाऊल ठेवण्याची सोय नव्हे. सापडलेल्या वस्तूवर तुमचा जो काही हक्क असेल, तो मालकाने दिला तरच असतो. बिनपरवानगी उचललेली वस्तू ही चोरी ठरू शकते.

काही मालकांकडे विचारून उपयोगच नसतो. नॅशनल ट्रस्ट ही वारसा जपणारी संस्था आपल्या जमिनीवर हौशी डिटेक्टिंगला परवानगी देत नाही. एखाद्या संशोधन प्रकल्पाचा अपवाद सोडला तर नकारच येतो. संरक्षण खात्याच्या जमिनींचेही तेच. कौन्सिलांचे धोरण जागोजाग वेगळे असते, तेव्हा त्यांच्या उद्यान विभागाला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.

याखेरीज मालक 'हो' म्हणाला तरी चालत नाही अशा जागा आहेत. १९७९ च्या प्राचीन स्मारके कायद्यातील कलम ४२ नुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीत हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या लेखी संमतीशिवाय डिटेक्टर वापरणे हाच गुन्हा आहे, मग काही सापडो वा न सापडो. वेल्समध्ये ही संमती कॅडू ही तिथली तशीच संस्था देते. विशेष वैज्ञानिक महत्त्वाच्या म्हणून राखलेल्या निसर्गक्षेत्रांत नॅचरल इंग्लंड या निसर्गरक्षणाच्या सरकारी संस्थेला विचारावे लागते. आपल्या शेताच्या कोपऱ्यात असे काही आहे हे कित्येक शेतकऱ्यांच्या ध्यानातही नसते, म्हणून ते तपासण्याची जबाबदारी आपण आपल्याकडे घ्यावी.

भोरकर

अनुजाताईंनी कायद्याची बाजू नेमकी मांडली आहे. मी गेली बरीच वर्षे सफोकमध्ये डिटेक्टिंग करत आहे, त्यामुळे आधी नकाशा की आधी माणूस, एवढ्याच प्रश्नावर लिहितो. माझे मत स्पष्ट आहे: आधी माणूस.

सफोकमध्येच १६ नोव्हेंबर १९९२ रोजी हॉक्सन गावाजवळ सापडलेला ठेवा आपल्यापैकी अनेकांनी ब्रिटिश म्युझियममध्ये पाहिला असेल. शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली होती, ती शोधण्यासाठी त्याचा ओळखीचा एरिक लॉस डिटेक्टर घेऊन गेला, आणि हातोडीच्या शोधात जवळपास पंधरा हजार रोमन नाणी आणि सोन्याचांदीचे दागिने, चमचे असे घबाड हाती लागले. हा किस्सा नशिबाचा म्हणून सांगितला जातो. मला त्यात दोन वेगळ्याच गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे तो माणूस त्या शेतात शेतकऱ्याचे काम करायला गेला होता. दुसरी, आणि अधिक मोलाची, म्हणजे हा प्रकार मोठा आहे हे लक्षात येताच त्याने खणणे थांबवले आणि अधिकाऱ्यांना कळवले. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना तो ठेवा कसा रचून पुरला होता, लाकडी पेटीत काय कुठे होते, हे पाहता आले. ठेव्याची किंमत साडेसतरा लाख पौंड ठरली. तेव्हाच्या कायद्यानुसार ती शोधणाऱ्यालाच मिळाली आणि त्याने ती शेतकऱ्याबरोबर वाटून घेतली. हातोडीसुद्धा नंतर सापडली आणि तीही म्युझियममध्येच गेली.

शेतकऱ्याच्या रोजच्या कामात पडणाऱ्या लोखंडी वस्तू पुष्कळ असतात: ट्रॅक्टरच्या जोडणीची पिन, नांगराच्या फाळाचा तुकडा, कुंपणाची तार. अशी एखादी पिन गवताच्या यंत्रात गेली तर होणारे नुकसान आपल्या हौशीपेक्षा कितीतरी महाग असते. म्हणून मी विचारताना "तुमच्या शेतात खजिना शोधू का" असे कधीच म्हणत नाही. मी कोण, कुठे राहतो, किती वाजता येईन, कोणत्या बाजूने आत शिरेन, गाडी कुठे लावेन आणि शेतात पडलेले लोखंड उचलून फाटकापाशी ठेवीन, एवढेच सांगतो. इतिहासाचा विषय बहुधा समोरूनच निघतो.

ढिगाने पत्रे पाठवण्याने काही साधत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. पत्र पाठवायचेच असेल तर हाताने लिहिलेले, एका पानाचे, त्या शेताचे नाव घेऊन लिहिलेले असावे, आणि त्यानंतर स्वतः जाऊन भेटावे.

सांगलीवाला_लिंकन

मी लिंकनशायरमध्ये शेती अवजारांच्या दुरुस्तीच्या व्यवसायात आहे, त्यामुळे शेतकऱ्यांशी रोजचे बोलणे असते. भोरकरांच्या म्हणण्यात थोडी भर घालतो, कारण कधी विचारावे यावरच निम्मे यश अवलंबून असते.

गव्हाची कापणी साधारण ऑगस्टमध्ये होते आणि हिवाळी गव्हाची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. ही मधली धसकटांची मुदत डिटेक्टिंगला उत्तम, आणि म्हणूनच नवखे लोक नेमके याच दिवसांत दार ठोठावतात. त्या वेळी शेतकरी पहाटेपासून रात्रीपर्यंत कम्बाइनवर असतो आणि डोळा आभाळाकडे लागलेला असतो. मार्च-एप्रिलमध्ये मेंढ्या वितात, तेव्हा मेंढपाळाला हाक मारणेसुद्धा अवघड. विचारायला जावे ते पेरणी उरकल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीत, दुपारच्या चहाच्या सुमारास. परवानगी हिवाळ्यात मिळवायची आणि वापरायची पुढच्या कापणीनंतर, एवढा धीर हवा. पेरलेल्या शेतात रोप उगवून आल्यावर पाय ठेवायचा नाही हे सांगायला नको, तरी सांगतो.

आपल्यापैकी अनेकांना संकोच वाटतो की आपण इथले दिसत नाही, आडगावच्या शेतावर एकट्याने जाऊन विचारावे तर लोक संशयाने पाहतील. पाहतातही कधीकधी, खेड्यात परका माणूस दिसला की कोठेही पाहतात. माझा अनुभव असा की मी उसाच्या गावचा, घरी शेती आहे, असे सांगितले की संभाषणाचा नूरच पालटतो. तिकडे पाणी कसे देता, भाव कोण ठरवतो, कारखाना किती दिवसांनी पैसे देतो, असे प्रश्न सुरू होतात आणि डिटेक्टरचा विषय आपोआप शेवटी येतो. ज्यांची शेती नाही त्यांनी खोटे सांगू नये, पण शेतीविषयी खरे कुतूहल दाखवायला कोणाची हरकत नसावी.

दप्तरखाना

भोरकरांचा आदर राखून मी विरुद्ध बाजू मांडते. मी नॉटिंगहॅमला असते आणि जुन्या कागदपत्रांचे वाचन हा माझा छंद आहे. कोणाच्याही शेतात जाऊन उभे राहायचे आणि मग तिथे काय असेल याचा विचार करायचा, यात हौस भागते, पण समज वाढत नाही.

लेस्टरशायरपुरते पाहू. या भागातल्या कुरणांत मध्ययुगीन नांगरटीचे सरी-वरंबे आजही दिसतात, विशेषतः हिवाळ्यात ऊन तिरपे पडते तेव्हा. याचा अर्थ ती जमीन तेव्हा कसली जात होती आणि वस्ती जवळपास असली तरी त्याच ठिकाणी नव्हती. एन्व्हायर्नमेंट एजन्सीने विमानातून लेसर किरण सोडून तयार केलेले लायडार नकाशे सर्वांना खुले आहेत, आणि नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने नकाशे आजच्या नकाशाशेजारी ठेवून पाहता येतात, तेही फुकट. बुजलेली वाट, नाहीशी झालेली शेतघरे, जत्रेचे मैदान, ओढ्यावरचा जुना उतार, अशा गोष्टी त्यातून समजतात. लोकांच्या खिशातून वस्तू पडतात त्या अशाच ठिकाणी.

त्याहून मोलाचे आहेत टाइद नकाशे. १८३६ च्या कायद्याने चर्चला धान्यरूपाने द्यायचा दशांश रोख रकमेत बदलला, आणि त्यासाठी अनेक गावांतल्या प्रत्येक शेताची नोंद झाली: क्रमांक, नाव, मालक, कसणारा, क्षेत्रफळ. हे कागद क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आणि काउंटीच्या दप्तरखान्यात पाहायला मिळतात. ज्या शेताच्या नावात काळ्या मातीचा उल्लेख असतो तिथे जुन्या वस्तीची राख आणि कुजलेला कचरा मिसळलेला असू शकतो. आपल्याकडे गावाच्या पांढरीत जशी नांगराला खापरे लागतात, तसाच हा प्रकार.

मात्र एक धोका सांगते. नकाशावर जे ठळकपणे दिसते ते पुरातत्त्व खात्यालाही दिसलेले असते. लेस्टरच्या पूर्वेला इंगर्सबी या उजाड झालेल्या मध्ययुगीन गावाचे उंचवटे कोणालाही भुरळ घालतील इतके स्पष्ट आहेत, आणि ती जागा संरक्षित स्मारक आहे. म्हणून जागा हेरल्यावर सरकारच्या मॅजिक नावाच्या नकाशावर संरक्षित क्षेत्रे आणि हेरिटेज गेटवेवर काउंटीच्या ऐतिहासिक नोंदी पाहाव्यात, आणि मगच पुढे जावे.

भोरकर

दप्तरखाना यांच्याशी माझे मोठे भांडण नाही. मी नकाशांच्या विरोधात नाही, क्रमाच्या बाबतीत आग्रही आहे. नकाशावर एकच शेत हेरून त्याच्या मालकामागे लागले की तो नाही म्हणताच सगळे संपते. शिवाय आपण आजूबाजूची दहा शेते सोडून नेमके हेच का मागतो आहोत, असा प्रश्न त्यालाही पडतो, आणि पडायलाच हवा.

दप्तरखाना

हे मान्य. नकाशावरून गावे निवडावीत, शेत निवडू नये, असे म्हणू या. एखाद्या गावाच्या शिवारात रोमन रस्ता, जुना बाजार आणि बुजलेली वस्ती असे तिन्ही असेल, तर त्या शिवारातला जो शेतकरी हो म्हणेल त्याचे शेत अभ्यासाला पुरेसे आहे.

बॉसवर्थच्या लढाईचे उदाहरण इथे लागू पडते, तुमच्या काउंटीतलेच आहे. १४८५ ची ती लढाई अँबियन टेकडीवर झाली असे दीर्घकाळ मानले जात होते. २००५ ते २०१० या काळात त्या परिसरात पद्धतशीर डिटेक्टर सर्वेक्षण झाले, शेतामागून शेत, ठरावीक अंतराच्या ओळींनी. त्यात तोफांचे शिशाचे गोळे आणि चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला रानडुकराचा बिल्ला मिळाला, आणि खरे रणांगण नैऋत्येला सुमारे तीन किलोमीटरवर असल्याचे ठरले. रानडुक्कर हे तिसऱ्या रिचर्डचे चिन्ह होते. एवढे पक्के अनुमान निघू शकले ते प्रत्येक गोळीची जागा टिपून ठेवल्यामुळे. 'काही लागत नाही' असे म्हणून सोडलेले शेतसुद्धा तिथे पुरावा ठरले.

वाटसरू_लेस्टर (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जमीन कोणाची हे शोधायचा काही सोपा मार्ग आहे का? आणि लेखी करार खरोखर आवश्यक आहे का, की शेतकऱ्याला तो अविश्वास वाटेल?

अनुजा_के

मालकी शोधण्यासाठी एचएम लँड रजिस्ट्री आहे. सात पौंड भरले की नोंदणीकृत जमिनीचा उतारा ऑनलाइन मिळतो. पण आपल्या सातबाऱ्यावर मालकाबरोबर पीकपाणीही दिसते, तसे इथे दिसत नाही. उताऱ्यावर मालक कळेल. शेत कसणारे कूळ कोण हे बहुधा कळणार नाही. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याकडे राहिलेल्या काही जमिनींची नोंदणीच झालेली नसते. म्हणून चौकशी गावातच करावी: पॅरिश कौन्सिलचा लिपिक, शेतमालाचे दुकान, पब.

करार आवश्यक आहे, आणि त्याचे कारण अविश्वास नाही. इथली पुष्कळ शेती कुळे कसतात. जमिनीचा ताबा कुळाकडे, पण मातीतल्या वस्तूची मालकी सहसा जमीनमालकाकडे. एकट्या कुळाने तोंडी 'या' म्हटले आणि उद्या काही मोलाचे निघाले, तर तुमची परवानगी अर्धीच ठरते. दोघांचीही सही घ्यावी.

करार एका पानाचा पुरतो. त्यात शेतांची नावे किंवा नकाशा, मुदत, कोणत्या वस्तू दाखवायच्या, किमतीची वाटणी कशी, नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची, आणि तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला आणायचे की नाही, एवढे असावे. वाटणी साधारणपणे निम्मी-निम्मी ठरते. स्टॅफर्डशायरचा ठेवा २००९ साली सापडला तेव्हा ३२ लाख ८५ हजार पौंडांची रक्कम शोधणारा आणि शेतमालक यांच्यात सारखी वाटली गेली.

आता ट्रेझर कायद्याविषयी, म्हणजे गुप्तधनाच्या कायद्याविषयी, थोडक्यात. १९९६ चा हा कायदा सप्टेंबर १९९७ पासून लागू झाला. ३०० वर्षांहून जुनी आणि किमान दहा टक्के सोने किंवा चांदी असलेली वस्तू, त्याच धातूंची एकाच ठिकाणी मिळालेली दोन किंवा अधिक जुनी नाणी, तांब्याची वगैरे असतील तर किमान दहा, असे त्याचे मुख्य निकष आहेत. ३० जुलै २०२३ पासून यात भर पडली, आणि २०० वर्षांहून जुनी, धातूचा अंश असलेली, अपवादात्मक महत्त्वाची वस्तूही यात येऊ लागली. असे काही सापडले की चौदा दिवसांच्या आत कोरोनरला कळवावे लागते. बक्षीस शोधणारा, जमीनमालक आणि काही वेळा कूळ यांच्यात वाटले जाते. बेकायदा घुसलेल्याला ते कमी मिळते किंवा मिळतच नाही.

कळवले नाही तर काय होते, हे हेरफर्डशायरच्या प्रकरणात दिसले. २०१५ साली लेमिन्स्टरजवळच्या शेतात व्हायकिंग काळातील दागिने आणि अंदाजे तीनशे नाणी मिळाली. ती न कळवता विकायला काढली गेली. २०१९ साली दोघा शोधणाऱ्यांना दीर्घ तुरुंगवास झाला, जो अपिलात घटला, आणि नाण्यांपैकी बहुतेक आजही हाती लागलेली नाहीत.

सांगलीवाला_लिंकन

शेतकरी नाही का म्हणतो, हेही कोणी तरी सांगायला हवे. खजिना न मिळण्याचे दुःख त्याला नसते. त्याला भीती असते ती बातमी फुटण्याची. त्याच्या शेतात काही निघाल्याचे कळले की रात्री डिटेक्टर घेऊन चोर येतात, कुंपण तोडतात, पिकात खड्डे पाडतात. इथे त्यांना नाइटहॉक म्हणतात आणि शेतकऱ्यांच्या लेखी आपण सगळे सारखेच. म्हणून सापडलेल्या वस्तूचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकताना गावाचे नाव, मागचा डोंगर, चर्चचा कळस काहीही दिसता कामा नये. आणि टाकण्याआधी शेतकऱ्याला विचारावे. दुसरी भीती अशी की नोंद झाली तर सरकार शेती बंद करील. नुसत्या नोंदीने तसे होत नाही, हे शांतपणे समजावून सांगावे लागते.

खड्डा नीट बुजवणे, फाटक जसे होते तसेच ठेवणे, कुत्रा घरी ठेवणे या गोष्टी किरकोळ वाटतात, पण दुसऱ्या वर्षीची परवानगी त्यावरच मिळते. आणि विमा. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचे सदस्यत्व घेतले की सार्वजनिक दायित्वाचा विमा सोबत येतो. तो कागद दाखवला की शेतकऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

मीनल_टेम्सकाठ

लंडनच्या बाजूचे कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी लिहिते. टेम्सच्या ओहोटीपात्रात नुसत्या डोळ्यांनी शोधायचे असले तरी पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचा परवाना लागतो. मागणी इतकी वाढली की नोव्हेंबर २०२२ मध्ये नवे परवाने थांबवण्यात आले, आणि पुढे प्रतीक्षायादी आली. समुद्रकिनाऱ्याचे सोपे आहे. क्राउन इस्टेटच्या (राजसत्तेच्या नावे असलेल्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेच्या) भरती-ओहोटीच्या पट्ट्यात हौशी डिटेक्टिंगला वेगळ्या अर्जाशिवाय मुभा आहे, पण सगळा किनारा त्यांचा नाही, तेव्हा आधी त्यांचा नकाशा पाहावा. नवख्याने यंत्राचे आवाज ओळखायला किनाऱ्यावरच शिकावे असे मला वाटते. वाळूत खड्डा बुजवण्याचीही कटकट नाही.

क्लाइडकर

स्कॉटलंडमध्ये असलेल्यांनी वरचा ट्रेझर कायदा विसरावा. इथे तीनशे वर्षांची अट नाही आणि सोन्याचांदीचीही नाही. पुरातत्त्वीय महत्त्वाची कोणतीही सापडलेली वस्तू क्राउनची, म्हणजे राजसत्तेची, आणि ती ट्रेझर ट्रोव्ह युनिटला कळवावी लागते. मालकाची परवानगी तरीही हवीच. इथल्या भटकंतीच्या मोकळ्या हक्कात डिटेक्टर येत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये तर पुराणवस्तूंसाठी खणायलाच परवाना लागतो.

टिळकरोड

चर्चा रंगली आहे. एक भाबडा प्रश्न: असे यंत्र सुटीत गावी आणले तर? आमच्या शेताजवळ जुनी गढी आहे.

अनुजा_के

आणू नये, असाच सल्ला देईन. भारतात १८७८ चा निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. गढी किंवा गड संरक्षित असेल तर १९५८ चा केंद्रीय आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा लागू होतो, आणि वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदाही आहे. इंग्लंडमध्ये हौशी माणसाकडून वस्तूची नोंद करून घेणारी जी व्यवस्था आहे, तशी तिकडे नाही. २०२५ च्या मार्चमध्ये एका चित्रपटानंतर असीरगडाच्या परिसरात लोकांनी रात्री डिटेक्टर आणि विजेऱ्या घेऊन शेते उकरली, त्या बातम्या आपण वाचल्या असतील. ज्यांची शेते उकरली गेली त्यांना कोणी विचारले नव्हते.

वाटसरू_लेस्टर (धागाकर्ता)

थोडी प्रगती कळवतो. दप्तरखाना यांच्या सांगण्याप्रमाणे एक शिवार निवडले आणि सांगलीवाल्यांच्या सांगण्याप्रमाणे हिवाळा लागल्यावर तिथल्या शेतकऱ्याला प्रत्यक्ष भेटलो. माणूस मनमोकळा निघाला, पण तो कूळ आहे आणि जमीन एका जुन्या कॉलेजच्या मालकीची आहे. कॉलेजच्या जमीन-व्यवस्थापकाला लिहिले, त्यांनी नम्रपणे पण स्पष्ट नकार दिला. आता शेतकरी म्हणतो की ते सोडा, ओढ्यापलीकडची दोन शेते माझी स्वतःची आहेत, तिथे या. एका शेतात काही वर्षांपूर्वी कौन्सिलचे कंपोस्ट पसरले होते, असेही तो म्हणाला. याने काही फरक पडतो का? आणि व्यवस्थापकाला पुन्हा विचारून पाहावे का?

भोरकर

व्यवस्थापकाला पुन्हा विचारू नये. मोठ्या संस्थांचे धोरण ठरलेले असते आणि आग्रह केला तर त्याचा त्रास कुळाला होतो. शेतकऱ्याने आपली शेते आपणहून देऊ केली, याहून चांगली सुरुवात क्वचितच मिळते.

कंपोस्टने मात्र फार फरक पडतो. त्या कचऱ्यात बारीक केलेले डबे, तारा, बाटल्यांची बुचे, ॲल्युमिनियमचे तुकडे असतात. यंत्र पावलोपावली ओरडत राहते आणि खालचा खरा आवाज त्यात बुडतो. ते शेत शेवटी ठेवा. दुसऱ्यात सुरुवात करा आणि केवळ नांगरटीच्या थरापर्यंतच खणा. नांगराने हललेल्या मातीतली वस्तू आपल्या मूळ जागेवरून आधीच सुटलेली असते. त्याखाली काही लागले, किंवा एकाच ठिकाणी बरीच नाणी दिसू लागली, तर हात आखडता घ्या. २०१० साली फ्रोमजवळ शोधणाऱ्याने मडक्याचे तोंड दिसताच खणणे थांबवले होते, म्हणून ५२,५०३ नाण्यांचे ते मडके पुरातत्त्वज्ञांना थरांनुसार रिकामे करता आले आणि कोणती नाणी तळाशी होती हे समजले.

दप्तरखाना

जाण्याआधी दोन्ही शेते मॅजिक नकाशावर पाहा, आणि शेतकऱ्याचा सरकारी पर्यावरण योजनेचा करार आहे का हेही विचारा. अशा करारात पुरातत्त्वीय जागेवर खणण्यावर बंधने असू शकतात आणि दंड बसला तर तो त्याला बसतो. त्यानंतर काउंटीच्या फाइंड्स लायझन ऑफिसरची, म्हणजे सापडलेल्या वस्तू नोंदवून घेणाऱ्या अधिकाऱ्याची, आधीच ओळख करून घ्या. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम ही योजना १९९७ पासून हे नोंदीचेच काम करते आणि तिच्याकडे दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद आहे. वस्तू ओळखून, नोंदवून परत मिळते, आणि अचूक जागा सर्वसामान्यांना दाखवली जात नाही. शेतकऱ्याला हे आधीच सांगितले तर त्याची निम्मी काळजी मिटेल.

वाटसरू_लेस्टर (धागाकर्ता)

ओढ्यापलीकडची शेते नकाशावर तपासली. दोन्हींवर कोणतेही संरक्षण नाही आणि पर्यावरण योजनेचा करारही नाही. अनुजाताईंनी सुचवलेल्या मुद्द्यांवरून एका पानाचा करार तयार केला आहे. शेतकऱ्याने त्यात स्वतःची एक अट घातली: त्याच्या वडिलांचे खिशातले घड्याळ याच शेतात पडले होते, ते मिळाले तर त्यात वाटणी नाही.

भोरकर

ती अट पहिल्या ओळीत लिहा.